आठवडा छान गेला

चर्चच्या धर्मप्रचारासाठी मिशनवर जाऊन परतलेल्या मुलाला किंवा मुलीला लगेचच्या एखाद्या रविवारी चॅपलमध्ये उभं राहून बोलावं लागतं. आमच्याकडे अमेरिकेतल्या युटामध्ये ही पद्धत इतकी रुळलेली आहे की त्या भाषणाचा साचा ऐकणाऱ्यांनाही पाठ असतो. कुठे होते, कोण कोण भेटलं, देवानं कसं सांभाळलं, आणि शेवटी दाटून आलेला गळा. मीही तशीच बोलले आणि त्यातलं काहीही खोटं नव्हतं. पण त्या भाषणात इंग्लंडमधल्या लँकेशरचा हिवाळा आला नाही. मधेच घरी परतलेली माझी सोबतीण आली नाही, बोल्टनच्या आजी आल्या नाहीत. ते सगळं इथे लिहिते आहे. मराठीत लिहिते, कारण माझ्या नाशिकच्या माणसांनी हे वाचावं असं मला फार वाटतं.

बाबांच्या नोकरीमुळे आम्ही मी लहान असताना युटात आलो. सॉल्ट लेक सिटी आणि प्रोव्हो यांच्या मध्ये लीहाय नावाचं गाव आहे, तिथे सॉफ्टवेअर कंपन्यांची रांग लागली आहे. आमच्या गल्लीतली बहुतेक घरं ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ची. बाहेरचे लोक त्यांना मॉर्मन म्हणतात. १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ यांनी हे चर्च स्थापन केलं. पुढे छळ सोसत ही माणसं पश्चिमेकडे सरकत राहिली आणि १८४७ मध्ये या डोंगरांच्या खोऱ्यात येऊन स्थिरावली. माझ्या मैत्रिणी त्याच घरांतल्या. त्यांच्याबरोबर मी चर्चमध्ये जायला लागले, वाचायला लागले, प्रार्थना करायला लागले आणि सतराव्या वर्षी बाप्तिस्मा घ्यायचा ठरवला. अठरा पूर्ण नसतील तर आईवडिलांची संमती लागते. बाबांनी लवकर सही केली. आईनं बरेच दिवस कागद फ्रिजवर चुंबकाखाली अडकवून ठेवला आणि मग एका सकाळी, मला उठवायच्या आधी, सही केली. आमच्या घरी गणपती तेव्हाही बसत होता, आताही बसतो, आणि मी आरतीला उभी राहते.

नाशिकला आजोबांना कळलं तेव्हा त्यांनी फोनवर रेव्हरंड टिळकांचं नाव काढलं. “नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई आपल्या इथल्या जलालपूरच्या. त्या बाईनं त्यापायी किती सोसलं, ठाऊक आहे तुला?” मला ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, “वाच. आणि तुझ्या आईला तसं सोसायला लावू नकोस.” एवढं बोलून त्यांनी फोन आजीकडे दिला. हे वाक्य मी इंग्लंडला बरोबर नेलं.

मिशनला जायचं हे आपण ठरवतो, कुठे ते आपण ठरवत नाही. नव्यानं आलेल्या माणसाला बाप्तिस्म्यानंतर किमान एक वर्ष थांबावं लागतं. मुलगे अठराव्या वर्षापासून दोन वर्षांसाठी जातात. मी गेले तेव्हा मुलींसाठी वय एकोणीस आणि मुदत अठरा महिने होती. २०१२ च्या आधी तर मुलींना एकविसाव्या वर्षापर्यंत थांबावं लागायचं. अर्ज भरा, डॉक्टरकडून तपासून घ्या, दात दाखवा, मग बिशपची, म्हणजे स्थानिक मंडळीच्या प्रमुखाची, मुलाखत, त्यानंतर स्टेक प्रेसिडेंटची, म्हणजे अशा अनेक मंडळींच्या प्रमुखाची. हे दोघेही पगारी धर्मगुरू नसतात, आठवडाभर आपापली नोकरी करणारे शेजारीच असतात. चर्चच्या अध्यक्षांच्या सहीचं पत्र पूर्वी मोठ्या पांढऱ्या पाकिटातून यायचं, आता ऑनलाइन येतं. घरभर माणसं जमली होती, मैत्रिणी नकाशावर टाचण्या लावून अंदाज बांधत होत्या. ‘इंग्लंड, मँचेस्टर मिशन’ असं वाचलं आणि मला थोडं वाईट वाटलं, कारण मला नवी भाषा शिकायची होती. आईनं मात्र हुश्श केलं. “निदान डॉक्टरला काय होतंय ते सांगता येईल.”

खर्च आपलाच. अमेरिकेतून जाणाऱ्यानं महिन्याला ५०० डॉलर भरायचे, मग तो जगात कुठेही जावो. मी दुकानात काम करून थोडे साठवले होते. उरलेले बाबांनी दर महिन्याला खात्यातून आपोआप जातील अशी सोय करून टाकली. त्यांचा या धर्मावर विश्वास नाही. या पैशांविषयी ते एक अक्षर बोलले नाहीत. विमानतळावर त्यांनी विचारलं ते एवढंच, “पायमोजे लोकरीचे घेतलेत ना?”

त्याआधी प्रशिक्षण. इंग्रजी येणाऱ्यांना ते थोडक्यात उरकतं. सुरुवात घरूनच ऑनलाइन, मग प्रोव्होचं केंद्र. भाषा शिकणारे तिथे सहा-नऊ आठवडे राहतात. प्रोव्हो आमच्या घरापासून गाडीनं अर्ध्या तासावर. वर्गाच्या खिडकीतून टिंपानोगोस डोंगर दिसायचा, माझ्या खोलीतून दिसतो तोच, फक्त दुसऱ्या बाजूनं. घर इतकं जवळ असताना आता तिथे जायचं नाही, हे पहिल्यांदा तिथेच उमगलं. आणि तिथेच, सभागृहात शेकडो एकोणीस वर्षांची मुलंमुली एकदम उभी राहून गायला लागली तेव्हा अंगावर आलेला शहारा मला अजून आठवतो. जगभरात आमचे ७० हजारांहून अधिक मिशनरी असतात. त्या एका गाण्यात मला ते सगळे माझ्या शेजारी उभे आहेत असं वाटलं. तसं वाटणं खरंच होतं. पुढे जे झालं त्यानं ते खोटं ठरत नाही.

मला पहिलं गाव मिळालं ते जुन्या कापडगिरण्यांचं. विटांची एकाला एक चिकटलेली घरं, दार थेट फुटपाथवर उघडणारं, गिरण्यांच्या चिमण्या उभ्या पण धूर नाही. छातीवर काळा बिल्ला, त्यावर ‘सिस्टर’ आणि आडनाव. मिशनभर आपल्याला पहिल्या नावानं कोणी हाक मारत नाही. सकाळी साडेसहाला उठायचं, व्यायाम, एकटीचा अभ्यास, दोघींचा अभ्यास, मग बाहेर. रात्री साडेदहाला दिवा बंद. आठवड्यातला एक दिवस कपडे धुणं, वाणसामान, घरी पत्र यांसाठी, त्याला पी-डे म्हणतात. दर सहा आठवड्यांनी ट्रान्सफरचा फोन येतो आणि गाव किंवा सोबतीण किंवा दोन्ही बदलू शकतं.

दार ठोठावण्याबद्दल लोक मला सगळ्यात जास्त विचारतात. लँकेशरमध्ये दार उघडणारं माणूस बहुधा सौम्य असतं. “नको गं पोरी, माफ कर,” असं म्हणून ते हळूच दार लावून घेतं. अशी दारं दिवसभर. कुणी शिवी घालतं, कुणी पडद्याआडून पाहून दिवा मालवतं, एकदा धावत्या गाडीतून चिप्सचा उरलेला पुडा अंगावर आला. या सगळ्याची सवय होते. मला अवघड जायचा तो चहा. पावसात भिजलेल्या मुली पाहून म्हाताऱ्या बायका देवाधर्माचं काही न ऐकता आत बोलवायच्या आणि किटली ठेवायच्या. आमच्याकडे १८३३ मधल्या एका शिकवणीनुसार चहा, कॉफी, दारू, तंबाखू वर्ज्य आहेत. चालतो तो फक्त वनस्पतींचा काढा. नाशिकच्या घरात वाढलेल्या मुलीला कोणाच्या हातचा चहा नाकारणं म्हणजे काय, हे मला सांगायला नको. मी नुसतं गरम पाणी मागायचे आणि कप दोन्ही हातांनी धरायचे. त्या बायका अवाक व्हायच्या, पण बिस्किटांचा डबा पुढे सरकवायच्या.

एकटं कधीच राहायचं नाही, हा नियम. सोबतीण नजरेच्या आणि आवाजाच्या टप्प्यात हवी, न्हाणीघराचं दार एवढाच अपवाद. सुरक्षिततेसाठी हे हवंच, आणि माझ्या सोबतिणी चांगल्या होत्या. आयडाहोची शेतकऱ्याची मुलगी होती, तिनं मला नकाशा न बघता गाव ओळखायला शिकवलं. घानाची एक होती, ती रस्त्यानं चालताना खालच्या पट्टीत गात असायची. तरीही रात्रंदिवस अनोळखी माणसाबरोबर राहण्यात एक वेगळाच एकटेपणा असतो, आणि रडायला जागा नसते हे त्यातलं सगळ्यात वाईट. मी नळ सोडून रडायचे. दारापलीकडे तीही तेच करत असणार, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

आता मी ज्यासाठी हे लिहायला बसले त्याकडे येते. दर पी-डेला आपण घरी आणि ओळखीच्यांच्या मोठ्या यादीला ईमेल लिहितो. ते ईमेल आई, मैत्रिणी, चर्चमधल्या बायका, लहान मुलं, सगळे वाचतात. त्यांची सुरुवात जवळपास ठरलेली असते. आठवडा छान गेला. मग एक गमतीचा प्रसंग, एक चमत्कार, एक वचन, हसरा फोटो. मिशन प्रेसिडेंटना, म्हणजे त्या भागातल्या सगळ्या मिशनऱ्यांच्या प्रमुखांना, आठवड्याचं पत्र वेगळं, त्यात किती जणांना शिकवलं, कोण चर्चला आलं, कोणी बाप्तिस्म्याची तारीख ठरवली हे आकडे. झोन कॉन्फरन्सला, म्हणजे आसपासच्या मिशनऱ्यांच्या मेळाव्याला, एकेक जण उठून साक्ष देतो आणि डोळे पुसत खाली बसतो. कोणी कोणाला खोटं बोलायला सांगत नाही. पण आपण ज्यांची गाथा ऐकत मोठे झालो ते सगळे जिंकून आलेले असतात, आणि ‘या आठवड्यात मला उठावंसं वाटलं नाही’ हे वाक्य कुठे लिहायचं यासाठी त्या ईमेलमध्ये जागाच नसते. नकार मला पेलत होता. सतत बरी असल्याचं दिसणं पेलत नव्हतं.

डिसेंबरमध्ये तिथे चारच्या आधी सूर्य मावळतो. त्यानंतरचे पाच तास आम्ही अंधारात, ओल्या बुटांनी, एका दारातून दुसऱ्या दारात. तेव्हा माझी सोबतीण ॲरिझोनाची होती. उन्हात वाढलेली, मोठ्यानं हसणारी, सहा भावंडांतली मधली. ती आधी जेवायची थांबली. मग झोपायची थांबली. रात्री जाग आली की ती पलंगावर बूट घालून बसलेली दिसायची. विचारलं तर म्हणायची, “प्रार्थना करते आहे.” मिशन प्रेसिडेंटच्या पत्नींना फोन केला. डॉक्टरांकडे नेलं आणि आठवड्याभरात तिला घरी पाठवायचं ठरलं. हा निर्णय योग्य होता आणि तो मायेनं घेतला गेला. पुढचं मात्र मला आजही सहन होत नाही. तिच्या गावी विमानतळावर फुगे नव्हते, फलक नव्हता. चर्चमधल्या लोकांनी तिला “परत कधी जाणार?” असं विचारलं आणि काहींनी विचारलंसुद्धा नाही. पाय मोडून परतलेल्या मुलाला आम्ही हार घालतो. मन मोडून परतलेल्या मुलीकडे पाहताना आमच्या नजरेत प्रश्न असतो की हिनं काय केलं असेल. हे आमच्या समाजातलं दुखणं आहे आणि ते मी आतल्या माणसाच्या हक्कानं सांगते.

ती गेल्यावर पुढच्या ट्रान्सफरपर्यंत मला शेजारच्या गावातल्या दोघींबरोबर ठेवलं, तिघींचं त्रिकूट. मी काम करत होते, बोलत होते, ईमेल लिहीत होते. छातीवर मात्र कोणीतरी बसल्यासारखं व्हायचं आणि दार ठोठावायच्या आधी हात थरथरायचा.

२०१९ पर्यंत मिशनऱ्यांना घरी फोन करायची मुभा वर्षातून दोनदाच असायची, नाताळला आणि मदर्स डेला. त्या वर्षीच्या फेब्रुवारीपासून दर आठवड्याला बोलता येतं. पूर्वीच्या मुलींनी कसं निभावलं असेल याचा मी पुष्कळदा विचार करते. जानेवारीतल्या एका कॉलला आईनं नेहमीप्रमाणे विचारलं, “कसा गेला आठवडा?” मी तोंड उघडलं आणि ‘छान’ बाहेर पडेना. आई स्वयंपाकघरात होती, मागे कुकर होता. तिनं गॅस बंद केला, खुर्ची ओढली आणि म्हणाली, “रडून घे. मी आहे. फोन ठेवू नकोस.” मी रडत राहिले आणि ती नुसती बसून राहिली. परत ये, असं ती म्हणाली नाही. तिच्या जागी दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, आणि तिला तर तसं म्हणायचा हक्क होता, कारण तिनं न मानलेल्या देवासाठी मी तिच्यापासून इतकी लांब गेले होते. शेवटी ती म्हणाली, “हे तुझ्या तिथल्या साहेबांना सांग. आज सांग. मला सांगितलंस तसंच सांग.”

मी सांगितलं. मिशन प्रेसिडेंट माझ्या बाबांच्या वयाचे, स्वतःचा व्यवसाय तीन वर्षं बाजूला ठेवून सपत्नीक आलेले. त्यांनी उपदेश केला नाही. चर्चकडून समुपदेशकाशी बोलायची सोय असते, ती त्यांनी करून दिली. प्रत्येक मिशनऱ्याला एक छोटी पुस्तिका मिळते, तीत ताणाच्या चार पायऱ्या रंगांनी दाखवल्या आहेत, हिरवी, पिवळी, नारिंगी आणि लाल. पुस्तिका माझ्या कपाटात सुरुवातीपासून होती. समुपदेशक बाई दर फोनला आधी विचारायच्या, “आज कुठला रंग?” उत्तर एका शब्दाचं. त्या एका शब्दात खरं बोलायची मला सवय लागली. नारिंगी असेल त्या दिवशी आम्ही दुपारी थोडं लवकर घरी यायचो, सूप करायचो आणि मग पुन्हा बाहेर पडायचो. घानाची सोबतीण तेव्हा आली. मी तिला पहिल्याच रात्री सगळं सांगून टाकलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मी नळ सोडून रडते.”

वसंतात आम्हाला एका पी-डेला प्रेस्टनला जाता आलं. आमच्या चर्चच्या दृष्टीनं हे शहर फार महत्त्वाचं. उत्तर अमेरिकेबाहेरचं पहिलं मिशन इथलं. हीबर किंबॉल आणि त्यांचे सोबती जुलै १८३७ मध्ये लिव्हरपूलला उतरून इथे आले आणि ३० जुलैला रिबल नदीत नऊ जणांचा बाप्तिस्मा झाला. काठावर बघ्यांची प्रचंड गर्दी होती. पुढे हजारो ब्रिटिश माणसं याच वाटेनं युटाला गेली. माझ्या लीहायच्या मैत्रिणींचे पणजोबा-खापरपणजोबा इथलेच. एव्हनहॅम पार्कच्या उतारावर बसून आम्ही डबा खाल्ला. किंबॉल यांची दुसरी एक गोष्ट आमच्या चर्चमध्ये मुलांना लहानपणापासून सांगतात. १८३९ मध्ये ते आणि ब्रिगहॅम यंग पुन्हा इंग्लंडला निघाले तेव्हा दोघंही तापानं फणफणलेले, घरची माणसं अंथरुणाला खिळलेली, यंग यांच्या बायकोच्या कुशीत दहा दिवसांचं मूल. गाडी थोडी पुढे गेल्यावर दोघं कसेबसे उठून उभे राहिले आणि टोप्या हलवत ‘हुर्रे फॉर इस्राएल’ असं ओरडले. व्यासपीठावरून ही गोष्ट सांगतात ती त्या आरोळीसाठी. त्या दिवशी नदीकाठी मला त्यातला ताप दिसला. दारात मागे राहिलेल्या त्या बाईचा पुढचा आठवडा कसा गेला असेल, हे दिसलं. आपल्याच गोष्टीत हे सगळं पहिल्यापासून लिहिलेलं आहे, आणि तरी आपण फक्त आरोळी पाठ केली.

बोल्टनमध्ये गुजराती वस्ती मोठी आहे, मराठी माणूस मात्र विरळाच. बसथांब्यावर नऊवारीवर जाड कोट घातलेल्या एक आजी उभ्या होत्या. त्यांनी माझ्या बिल्ल्यावरचं आडनाव वाचलं आणि थेट विचारलं, “कुठली गं तू?” किती दिवसांनी कोणीतरी मला मराठीत ‘गं’ म्हणालं होतं. त्यांचा मुलगा तिथल्या रुग्णालयात डॉक्टर, त्या साताऱ्याकडच्या, सुनेच्या बाळंतपणाला आलेल्या. घरी चला म्हणाल्या. सोबतिणीला घेऊन गेले. त्यांनी आम्हाला थालीपीठ आणि लोणी वाढलं. चहा नको म्हटल्यावर कारण न विचारता सुंठ आणि गूळ घालून पाणी उकळलं. घानाच्या मुलीनं तीन थालीपिठं खाल्ली आणि आजी तिच्यावर कायमच्या खूश झाल्या.

मी त्यांना धर्माचं काही सांगितलं नाही. त्यांनीच विचारलं, “तू लोकांना काय सांगतेस दारोदार?” मी थोडक्यात सांगितलं. येशूचं प्रेम, कुटुंब मरणानंतरही तुटत नाही हा आमचा विश्वास, पश्चात्ताप, क्षमा. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “माझ्या सासूबाई वीस वर्षं वारीला गेल्या. कोणाला चल म्हणाल्या नाहीत. त्यांचं येणंजाणं बघून मी निघाले.” त्यात टोमणा नव्हता. थोडा वेळ थांबून त्यांनी विचारलं, “तुझ्या आईला चाललं का हे?” मी म्हटलं, “चाललं नाही. पण तिनं चालवून घेतलं.” आजींनी मान डोलावली आणि डब्यात उरलेली थालीपिठं भरली.

आमंत्रण द्यायला मी आलेच होते आणि मी ते देत राहिले. आपल्याला मोलाचं वाटतं ते दुसऱ्यापुढे ठेवणं मला आजही गैर वाटत नाही. पण त्या दुपारनंतर दारात माझं बोलणं कमी झालं. मी विचारायला लागले, “तुमचं कसं चाललंय?” आणि उत्तर येईपर्यंत थांबायला लागले. किती तरी जणांनी बायको गेल्याचं, नोकरी गेल्याचं, मुलगा बोलत नसल्याचं सांगितलं, दारातच, पावसात उभ्या उभ्या. त्यांच्यातले बहुतेक कधीच चर्चमध्ये आले नाहीत. अहवालात त्यांच्यासाठी रकाना नव्हता.

एक आली. वृद्धाश्रमात रात्रपाळी करणारी, नायजेरियाहून एकटी आलेली बाई, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. कामावरून सुटल्यावर सकाळी ती बसच्या वेळेपर्यंत आमच्याशी बोलायची. तिचे प्रश्न अवघड असायचे आणि उत्तर पटलं नाही तर ती तसं स्पष्ट म्हणायची. उन्हाळ्यात तिनं बाप्तिस्मा घ्यायचं ठरवलं. आमच्याकडे माणूस पूर्ण पाण्याखाली जावा लागतो. कुंड भरायला काही तास लागतात आणि बॉयलर दगा देतो. बाप्तिस्मा पुरुषच देतात, पण २०१९ पासून साक्षीदार म्हणून स्त्रिया उभ्या राहू शकतात. तिनं मला उभं राहायला सांगितलं. पांढऱ्या कपड्यांत ती पाण्यात उतरली, मंत्र म्हटला गेला, ती खाली गेली, आणि तिच्या वेणीचं टोक वर तरंगत राहिलं. साक्षीदारानं पाहिलं ते सांगायचंच असतं. मी मान हलवली, पुन्हा करावं लागलं. दुसऱ्यांदा ती वर आली ती हसत, नाकातोंडात पाणी गेलेलं, आणि तिनं कुंडाच्या काठावरून माझा हात घट्ट धरला. लहानपणी रामकुंडात आजीनं मला धरून बुडवलं होतं आणि वर येताना तिची पकड जशी लागली होती, तशीच ती पकड. इतका निखळ आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता. रात्री आम्ही दोघी गात घरी आलो.

शरद ऋतूत ती यायची थांबली. पाळ्या बदलल्या, रविवार कामाचे झाले, भाडं वाढलं. मला दुसऱ्या गावी बदली मिळाली होती आणि मला हे नव्या मिशनऱ्यांकडून कळलं. माझ्या मनात तिच्याविषयी राग नव्हता. पण आपण जीव ओतलेली गोष्ट आपल्या डोळ्यांआड विरत जाते आणि आपण बसनं दुसऱ्याच गावात दुसऱ्याच दारापुढे उभे असतो, हे दुःख मिशनमध्ये सगळ्यांच्या वाट्याला येतं. मी तिला अधूनमधून लिहिते. ती उत्तर देते. आम्ही चर्चविषयी बोलत नाही, तिच्या भावाच्या व्हिसाविषयी बोलतो.

शेवटचे आठवडे लवकर गेले. माझ्यानंतरच्या तुकडीतली एक मुलगी नवीन आली होती, तिला शिकवायचं काम माझ्याकडे होतं, म्हणून घराची ओढ लागायला उसंत मिळाली नाही. सॉल्ट लेकला उतरले त्याच संध्याकाळी स्टेक प्रेसिडेंटनी मला मिशनच्या जबाबदारीतून मुक्त केलं. बिल्ला काढायचा असतो. तो मी खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी दुकानात एकटी गेले आणि सोबतीण कुठे गेली म्हणून मागे वळून पाहिलं. पुढचे काही महिने सोपे नव्हते. दिवसाला आकार उरला नाही. अठरा महिने दर तासाला काही तरी हेतू होता, आता एकदम काहीच नाही. त्याही वेळी मी समुपदेशन चालू ठेवलं आणि आईनं सकाळी साडेसहाला माझ्या खोलीचं दार ठोठावणं चालू ठेवलं. आजोबांनी फोनवर एकच प्रश्न विचारला, “आईशी रोज बोललीस ना तिथून?” आठवड्यातून एकदा, असं सांगितलं. “बरं,” म्हणाले.

ॲरिझोनाची सोबतीण आता नर्सिंग शिकते आहे. आम्ही दर रविवारी बोलतो.

मागच्या वसंतात आमच्या वॉर्डातल्या, म्हणजे आमच्या स्थानिक मंडळीतल्या, एका मुलीला मिशनसाठी चिलीचं पत्र आलं. तिची आई म्हणाली, “हिला तुझे अनुभव सांग.” मी तिला नदी सांगितली, कुंड सांगितलं, थालीपीठ सांगितलं, आणि हिवाळाही सांगितला. चार रंग सांगितले, नळ सांगितला. तिची आई थोडी अस्वस्थ झाली. जाण्याआधी कशाला भीती घालायची, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, पावसाळी बूट देतो तेव्हा आपण पावसाची भीती घालत नाही. ती मुलगी काहीच बोलली नाही, वहीत लिहून घेत राहिली.

ती गेल्यापासून तिचा आठवड्याचा ईमेल मला येतो. गेल्या सोमवारी आलेल्या ईमेलमध्ये एका म्हाताऱ्या बाईनं खाऊ घातलेल्या एंपानाडांचा फोटो होता, एका कुत्र्याचा होता, आणि मध्ये एक परिच्छेद. ‘या आठवड्यात मी दोनदा रडले. मंगळवारी नारिंगी होते, शुक्रवारपर्यंत पिवळी झाले. सोबतिणीला सांगितलं आहे.’ आणि हा ईमेल तिनं फक्त मला पाठवला नव्हता. वर तिची आई, बिशप, प्राथमिक वर्गातली मुलं, सगळी यादी होती.